लातूरला घर बांधतोय: किचन ट्रॉल्या, कपाटं की कडप्पा?

औसा_रोडकर

नमस्कार मंडळी. लातूरला औसा रोडच्या बाजूला घराचं काम चालू आहे. स्लॅब झाला, गिलावा झाला, आता फरशी आणि टाइल्स सुरू होतील. स्वयंपाकघर १० बाय ८ फूट, ओटा एल आकाराचा. घरात आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. आईच्या हातची भाकरी दोन्ही वेळा लागतेच, बायको नोकरी करते.

दोन जणांनी भाव दिलेत. एक शोरूमवाला, चौरस फुटाला १६०० रुपये म्हणतो, 'सगळं मॉड्युलर'. दुसरा ओळखीचा सुतार, प्लाय आपण आणून द्यायचा, मजुरी वेगळी. शोरूमवाला सुताराला नावं ठेवतो, सुतार शोरूमवाल्याला. आई दोघांनाही हसते. तिचं म्हणणं, ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे करा, स्टीलच्या ट्रॉल्या सारा आणि मोकळे व्हा.

तर प्लाय घ्यावा, एचडीएचएमआर (दाबून केलेला दाट बोर्ड), डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड) की खरंच कडप्पा? वरती भिंतीला कपाटं करावीत का? पैसा कुठं घालावा आणि कुठं वाचवावा? पाडव्याला वास्तुशांत धरली आहे, त्यामुळं वेळ बेताचाच आहे.

बीडचा_पाहुणा

आधी वास्तुशांतीचं आमंत्रण टाका, मग सल्ला. बाकी आई बरोबर बोलायल्या.

पटाशी_रंदा

नांदेडला हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मटेरियलवर नंतर येऊ, आधी तो १६०० चा भाव कशाचा आहे ते बघा.

तुमच्या ओट्याच्या बाजू १० आणि ८. शोरूमवाला १८ रनिंग फूट धरणार. पण ओटा २ फूट खोल असतो, म्हणजे कोपऱ्यातले २ फूट दोन्ही बाजूंत मोजले गेले. प्रत्यक्षात १६ फूट. आता उंची बघा. ओटा ३४ इंच धरला तर त्यात ग्रॅनाइट आणि त्याखालचा थर मिळून दीड इंच, खालची स्कर्टिंग ४ इंच. दार किंवा ट्रॉलीचा दर्शनी भाग उरला साडेअठ्ठावीस इंच. १८ फूट गुणिले ३४ इंच केलं की ५१ चौरस फूट होतात. १६ फूट गुणिले साडेअठ्ठावीस इंच केलं की ३८. तेरा फुटांचा फरक, १६०० नं २०,८०० रुपये. यात फसवणूक असतेच असं नाही, काही जण मोजतातच तसं आणि त्या हिशेबानं भाव कमी लावतात. पण तुम्ही सुताराच्या भावाशी तुलना करणार असाल तर दोघांची मोजायची रीत एकच हवी. कोटेशनवर 'दर्शनी मापानं, कोपरा एकदाच' असं लिहून घ्या.

दुसरं, त्या भावात ट्रॉल्या, चॅनल (ट्रॉली सरकते त्या पट्ट्या), बिजागऱ्या आहेत का? बहुतेक वेळा नसतात. भाव नुसत्या खोक्याचा आणि दाराचा असतो. सॉफ्ट क्लोज, टँडेम (लपलेल्या चॅनलवर सरकणारा खण), कोपऱ्यातला फिरता कप्पा हे सगळं वर. तिथंच बिल फुगतं.

करडईचं_फूल

परभणीहून. भाऊ, तुम्ही पुरुष मंडळी सुरुवातच भावापासून करता. आधी घरातली भांडी जमिनीवर मांडून बघा हो. खरंच सांगते, एका रविवारी सगळे डबे, पातेली, परात, कुकर, मिक्सर बाहेर काढा आणि टेपनं मोजा.

शोरूममधला नमुना ठरलेला असतो. एक कटलरीचं खण, एक कप-बशीचं, एक ताटाचं, एक खोल. आपल्या घरात तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा असतो, त्याची उंची साधारण १४ इंच. तो त्यातल्या कुठल्याच ट्रॉलीत उभा राहत नाही. भाकरीची काटवट (पीठ मळायची लाकडी परात) आडवी मावत नाही, तिला उभी सरकवायला चार-पाच इंचाची उभी फट लागते. पोळपाट, तवे, ताटल्या, धपाट्याचा मोठा तवा, सगळं त्या फटीत जातं. शोरूमवाल्याला ही फट सांगितल्याशिवाय तो ती देत नाही, कारण तिच्यात विकण्यासारखं काही नसतं.

वर्षाची ज्वारी, गहू, तूरडाळ किचनमधे ठेवायचा हट्ट सोडा. पत्र्याची कोठी स्टोअरला किंवा जिन्याखाली. किचनमधे फक्त पंधरवड्याचं. पापड, कुरडया, शेवया माळ्यावर चालतात. येसर आणि काळा मसाला मात्र शेगडीशेजारच्या कपाटात नको, गरमीनं वास उडतो.

आता भाकरीचं. ओटा ३४ इंचाचा, त्यावर शेगडी ठेवली की तवा चाळीस इंचाच्या आसपास गेला. तुमच्या आईंची उंची पाच फुटाच्या आत असेल तर भाकरी तव्यात टाकताना हात खांद्यापर्यंत उचलावा लागतो. आम्ही शेगडीपुरता ओटा चार इंच खाली घेतला. ग्रॅनाइटला एक पायरी पडते आणि पुसताना कोपऱ्यात पीठ अडकतं, हे खरं. पण रोज दहा-बारा भाकऱ्या थापणाऱ्या बाईला विचारा ती काय निवडते. ओट्याची उंची ठरवताना, काम करणारीनं कोपर वाकवून उभं राहायचं आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली खूण करायची.

औसा_रोडकर

ताई, काटवटीचं डोक्यातच नव्हतं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "बघ, कुणीतरी भाकरी करणारं बोललं."

बीडचा_पाहुणा

पायरीऐवजी हॉब बसवला तर? काचेचा, ओट्यातच बसतो, चार इंच आपोआप वाचतात.

करडईचं_फूल

वाचतात. पण हॉबच्या खालचं पहिलं खण जातं, हॉबची खोली तिथं खाली उतरते. आणि वीस जणांच्या वरणाचं पातेलं त्यावर चढवायचं असेल तर मला तरी साधी तीन बर्नरची स्टीलची शेगडी बरी वाटते. ज्याच्या घरी पाहुणे कमी त्यानं खुशाल हॉब घ्यावा.

गोदाकाठी

लातूरमधे घर आणि पाण्याचं कुणीच बोललं नाही? २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, विसरलात का? नळाला रोज पाणी येईल असं धरून स्वयंपाकघर आखू नका.

आमच्याकडं गंगाखेडला प्यायच्या पाण्यासाठी किचनच्या एका कोपऱ्यात फूटभर उंचीचा दगडी कट्टा केला आहे. त्यावर माठ, दोन हंडे, एक स्टीलची टाकी. कट्ट्याला उतार आणि छोटी जाळी, सांडलेलं पाणी मोरीत जातं. तिथं कपाट नाही, ट्रॉली नाही. डिझायनर म्हणाली 'डेड स्पेस' आहे. उन्हाळ्यात तिला बोलावलं असतं तर तीही त्याच कोपऱ्यात आली असती.

एक लक्षात ठेवा, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. ते प्लायच्या कपाटाच्या तळावर ठेवायचं नसतं, मग तो प्लाय कितीही मरीन असो.

बोअरच्या पाण्यानं नळाखाली, सिंकच्या कडेला पांढरे क्षार धरतात. आरओ मशिन सिंकखालच्या कपाटात कोंबू नका. त्याची पाइप कधी ना कधी गळते, आणि बंद दारामागं गळलेलं महिनाभर कळत नाही. भिंतीवर, डोळ्यासमोर लावा, सोडलेलं पाणी बादलीत घ्या, भांडी-फरशीला होतं.

पटाशी_रंदा

गोदाकाठीच्या शेवटच्या मुद्द्याला दहा वेळा हो. दुरुस्तीला गेलो की पहिलं दार सिंकखालचंच उघडतो.

आता मटेरियल.

दुकानात ज्याला साधा किंवा कमर्शियल प्लाय म्हणतात तो एमआर. दमट हवा सोसतो, पाणी नाही. बेडरूमच्या कपाटाला ठीक, किचनला नको. किचनला आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय. दुकानदार 'बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यात टिकणारा) आहे साहेब' म्हणतो तेवढ्यावर जाऊ नका. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली सीएम/एल नंबर असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की लायसन कुणाचं, चालू आहे का, ते दिसतं. आणखी खात्री हवी तर हातभर तुकडा कापून घ्या. कापलेल्या कडेला थरांमधे फटी किती ते बघा. मग तुकडा पातेल्यात घालून काही तास उकळा. प्रयोगशाळेत तो ७२ तास उकळतात, घरी तेवढा गॅस जाळायला नको. पण हलका माल असेल तर दुपारपर्यंतच थर सुटायला लागतात.

एचडीएचएमआर ही दाबून केलेली दाट शीट. दारांसाठी छान, सपाट राहते, रंग आणि ॲक्रिलिक चांगलं बसतं. ओलसरपणा सोसते म्हणजे पाण्यात टिकते असं नाही. सिंकखाली नको. पार्टिकल बोर्ड तर किचनमधे कुठंच नको, कोटेशनमधे 'प्री-लॅम' (आधीच लॅमिनेट लावलेला बोर्ड) एवढंच लिहिलं असेल तर आत काय आहे विचारा.

डब्ल्यूपीसी आणि पीव्हीसी बोर्डाला पाणी आणि वाळवी लागत नाही, हे खरं. पण लांब फळी डब्यांच्या वजनानं खाली वाकते, आणि एकच स्क्रू दोनदा काढून लावला की पकड जाते. सिंकखालच्या खोक्यापुरतं वापरा.

लॅमिनेट बाहेरून १ मिलिमीटरचं, आतूनही पातळ लॅमिनेट घ्याच. आतून नुसता रंग किंवा कच्चा प्लाय सोडला की शीट एका बाजूनं ओढली जाते आणि दार वाकडं होतं. कडांना मशिननं दाबलेली पीव्हीसी पट्टी. इथं शोरूमवाला सुतारापेक्षा पुढं असतो, हे मी सुतार असून कबूल करतो. हातानं चिकटवलेली पट्टी शेगडीजवळ सुटते. आता शहरात मशिनवर कट करून, पट्टी लावून देणारे आहेत. शीट तिथं नेऊन कापून घ्या आणि सुताराकडून फक्त जोडणी करून घ्या. अर्ध्या भावात निम्मं नाही, बरंचसं काम कारखान्यासारखं होतं.

मेंब्रेनची दारं, म्हणजे वरून फॉइल ओढलेली, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि शेगडीच्या धगीत कडेला उचलतात. नक्षी आवडत असेल तर शेगडीपासून लांबच्या दारांना लावा.

वाळूजकर

लाकडाचंच का? वाळूजला पत्र्याला पावडर कोटिंग करणारे कितीतरी आहेत. ॲल्युमिनियमच्या सेक्शनची दारं पण होतात. वाळवीचा विषयच संपला.

आणि स्टीलच्या ट्रॉल्या घेणार असाल तर एक सांगतो. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणून म्हणतो '३०४ आहे', म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टील. हलक्या प्रतीच्या २०२ ला पण चुंबक चिकटत नाही! ३०४ मधे निकेल साधारण ८ टक्के, २०२ मधे त्याहून कमी आणि त्याजागी मँगनीज. आपल्या खाऱ्या बोअरच्या पाण्यात ओली भांडी ठेवली की २०२ वर तांबूस ठिपके येतात. तपासायचं औषध बाटलीत मिळतं, एक थेंब टाकला की रंगावरून कळतं. दुकानदार तो थेंब टाकू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

पटाशी_रंदा

औषधाचं बरोबर. पण पत्र्याच्या कपाटाचा आवाज आणि पोचे? पोरं असलेल्या घरात दोन वर्षांत पोचे पडतात.

वाळूजकर

जाड पत्रा घ्या. प्लायचे कोपरे उडत नाहीत का?

पटाशी_रंदा

उडतात.

माळवद

औसा तालुक्यातलं गाव. आमचं जुनं घर पांढऱ्या मातीचं, दोन-अडीच फुटी भिंती, वर माळवद. तिथं भिंतीला कपाट टांगायचा प्रश्नच नाही, माती स्क्रू धरत नाही. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट घरातल्या मोठ्यांनी पाहिलेली. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. आमच्या घरी अजून कुणी डोक्यावर जड वस्तू ठेवू देत नाही.

जुन्या घरात किचन करणाऱ्यांसाठी: जमिनीवर उभं राहणारं उंच कपाट करा, त्याचं वजन भिंतीवर नको. भिंतीला फक्त आधारापुरतं. कोनाडे बुजवू नका, त्यांना दार लावा, फुकटचं कपाट आहे.

नव्या घरात वरची कपाटं करणार असाल तर तिथं हलकं सामान ठेवा आणि दाराला खटका असू द्या.

रेषा_मारणारी

माळवद यांच्या मुद्द्यात भर. वरचं कपाट कुठल्या भिंतीला येतंय ते आधी बघा. नऊ इंची विटांची भिंत असेल तर काळजी नाही. चार इंची असेल तर वजन मर्यादेत ठेवा. संभाजीनगरच्या नव्या फ्लॅट्समधे एएसी ब्लॉक असतात, पोकळ वाजणारे, हलके. त्यात साधी गट्टू आणि स्क्रू हळूहळू सैल होतो. त्यासाठी लांब फ्रेम अँकर किंवा केमिकल अँकर लागतो, आणि कपाट दोन स्क्रूंवर न टांगता आडव्या लोखंडी पट्टीवर टांगायचं.

खोली १२ ते १४ इंचापेक्षा जास्त नको, कपाळाला लागतं. ओट्यापासून वर दोन फूट मोकळं. शेगडीच्या वर चिमणी कंपनी सांगेल तेवढं अंतर, बहुतेक ६५ ते ७५ सेंटिमीटर.

आणि टाइल्स लावायच्या आधी विजेच्या जागा ठरवा. मिक्सर, फ्रिज, आरओ, चिमणी, पुढंमागं ओव्हन. कपाटाच्या मागं लपलेला सॉकेट ही मी सगळ्यात जास्त वेळा बघितलेली गोष्ट आहे. कपाटाची अंतिम मापं मात्र टाइल्स झाल्यावरच घ्यायची.

नळदुर्गी

सिलिंडरबद्दल कुणी बोलेना म्हणून. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. सिलिंडरची ट्रॉली करून त्यावर पक्कं दार लावतात, ते करू नका. दार लावायचंच तर जाळीचं, खाली जमिनीलगत हवा खेळेल असं. सिलिंडर उभाच, शेगडी त्याच्यापेक्षा वर. रबरी नळी भिंतीतून किंवा कपाटाच्या पाठीमागून लपवून नेऊ नका, सिलिंडर बाहेर गॅलरीत ठेवायचा असेल तर तांब्याची पाइपलाइन करा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, ती हाताला आणि डोळ्याला सापडली पाहिजे.

औसा_रोडकर

कमाल आहे, एवढ्या गोष्टी दोन्ही कोटेशनवाल्यांनी सांगितल्या नाहीत. पण मूळ प्रश्न राहिलाच, कडप्पा करू की नको? आई रोज विचारायलीय.

करडईचं_फूल

करा. वाळवी खात नाही, पाणी लागत नाही, धुता येतो. माझ्या माहेरी तेच आहे आणि आमची लग्नं होऊन पोरं मोठी झाली तरी हललेलं नाही.

पटाशी_रंदा

ताई, तुमच्या माहेरची जमीन मुरमाची असेल. लातूरला काळी माती आहे का तिथं, ते आधी विचारतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया खाली मुरमापर्यंत नेला असेल तर घराला काही होत नाही, पण आतली फरशी भरावावर बसलेली असते. भराव नीट दाबला नसेल तर ती पहिल्या दोन-तीन वर्षांत खाली जाते. कडप्प्याच्या उभ्या पाट्या त्या फरशीवर उभ्या. एक पाटी थोडी जरी खचली तरी वरच्या ग्रॅनाइटच्या सांध्यात चीर दिसते आणि ट्रॉली घासायला लागते. प्लायच्या खोक्याला खाली फिरवायचे प्लास्टिकचे पाय असतात, चावी फिरवली की लेव्हल परत मिळते. ते पाय तळ जमिनीपासून उचलतात म्हणून फरशी धुताना पाणीही लागत नाही.

कडप्प्यात दुसरी अडचण, गवंड्याची पाटी ओळंब्यात नसते. वर २० इंच, खाली साडेएकोणीस. चॅनलला एवढं चालत नाही. करायचंच तर कडप्प्याला आतून प्लायची पट्टी मारून ती ओळंब्यात घ्यायची आणि चॅनल त्या पट्टीवर.

औसा_रोडकर

माती काळीच आहे. पण आमचं किचन पहिल्या मजल्यावर आहे, खाली दोन गाळे काढलेत. सुरुवातीला लिहायचं राहिलं.

पटाशी_रंदा

अहो, मग माझं अर्धं लिहिणं वाया! स्लॅबवर कडप्पा खचत नाही. बिनधास्त करा. वजन जास्त होतं तेवढं इंजिनिअरच्या कानावर घाला, पाण्याच्या टाकीचंही.

पण वाळवी पहिल्या मजल्यावर येत नाही असं समजू नका. भिंतीच्या कडेनं, वायरिंगच्या पाइपमधून चढते. खालच्या गाळ्यांना औषध मारलं का ते बघा. आणि वाळवी वेगळी, भुंगा वेगळा. मातीची रेघ दिसली तर वाळवी. पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड प्लायमधूनच आली, दुकानदाराला धरा.

बीडचा_पाहुणा

म्हणजे आई जिंकल्या.

रेषा_मारणारी

पूर्ण नाही. सिंकची बाजू आणि सिलिंडरची बाजू कडप्प्यात, कोरड्या बाजूला प्लायचे खण. असं मिश्र काम मी दोन-तीन घरांत केलंय, बाहेरून दारं एकसारखी लावली की कळतही नाही.

औसा_रोडकर

घरी बसून ठरवलं, कळवतो. ८ फुटांच्या बाजूला सिंक येतं, तिथं कडप्पा, खाली मोकळं, जाळीची ॲल्युमिनियमची दारं. सिलिंडर त्याच बाजूच्या टोकाला. १० फुटांच्या बाजूला मरीन प्लाय, मशिनवर कापून, सुतार जोडणार. शेगडीपुरता ओटा चार इंच खाली, आईनं स्वतः उभं राहून खूण केली. वरची कपाटं फक्त पूर्वेच्या नऊ इंची भिंतीला. पाण्याचा कट्टा दाराच्या मागं बसतोय. काटवटीची फट शेगडीच्या डावीकडं, पाच इंचाची. टँडेम एकच, रोजच्या ताटांना, बाकी साधे टेलिस्कोपिक चॅनल. शोरूमवाल्याकडून आता फक्त बिजागऱ्या आणि चॅनल घेणार, तो थोडा नाराज आहे.

एकच राहिलं. सुताराला बिजागऱ्या किती आणि कोणत्या सांगू?

पटाशी_रंदा

खोक्याच्या कडेला पूर्ण झाकणाऱ्या दाराला ० क्रँक (क्रँक म्हणजे बिजागरीचा बाक). मधल्या पाटीवर दोन दारं येत असतील तर तिथं ८. दार खोक्याच्या आत बसत असेल तर १६. एका दुकानातून सगळ्या एकाच कंपनीच्या घ्या, दोन जास्तीच्या. दार तीन फुटाच्या वर असेल तर तीन बिजागऱ्या. ही मापं फक्त प्लायच्या बाजूची, ॲल्युमिनियमच्या दारांच्या बिजागऱ्या वेगळ्या येतात, त्या फॅब्रिकेशनवाल्याकडूनच.

चॅनल घेताना वजन बघा. साधा टेलिस्कोपिक साधारण ४५ किलोचा असतो, पण स्टीलचे भरलेले डबे एका ट्रॉलीत किती होतात ते आधी काट्यावर ठेवून बघा.

शेवटचा हप्ता सगळ्या ट्रॉल्या भरून, ओढून बघितल्यावरच द्या. रिकामी ट्रॉली कुणाचीही छान सरकते. आणि उरलेल्या लॅमिनेटचे तुकडे मागून घ्या, कंपनी तो नंबर बंद करते मग एका दारासाठी गावभर फिरावं लागतं.